प्रकाशा येथील उत्तरपूजा

काशीयात्रा करून आलेल्या माणसानें प्रकाशा येथें जाऊन केदारेश्वराचें दर्शन घेतल्यावांचून त्याची यात्रा पुरी होत नाहीं, अशी आमच्या खानदेशांतील जुन्या माणसांची श्रद्धा आहे. हें वाक्य आम्हीं लहानपणापासून मातोश्रींच्या तोंडून ऐकलें. त्यांना स्वतःला काशी घडली नाहीं, आणि म्हणून प्रकाशाही राहिलें. गेल्या माघांत आम्हां उभयतांस विश्वेश्वराचें दर्शन घडलें, तेव्हां परततांना ही राहिलेली गोष्ट पुरी करावी असें आमच्या मंडळींनीं सुचविलें. काशीहून सुरतेकडे जाणारी एक गाडी नंदुरबारावरून जाते. तिचें नांवच ‘ताप्ती-गंगा’ आहे. गंगाकांठीं बसून तापीच्या खोऱ्यांत उतरावयाचें, ह्याहून सोईची योजना कोणती असणार? गंगेचा गडू सांभाळीत आम्ही निघालों. उत्तरपूजा करावयाची, एवढेंच तेव्हां मनांत होतें. पुढें जें घडलें तें वाचकांपुढें मांडतांना थोडा संकोच वाटतो. कारण ह्या लेखांत प्रवासवर्णन थोडें आणि कबुली अधिक आहे.

नंदुरबारास उतरलेल्या शाळामास्तरास हुतात्मा शिरीषकुमाराच्या स्मारकास नमस्कार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगा घेऊन निघालेला हा शाळकरी मुलगा येथें गोळीबारांत पडला, आणि त्याचे चार सोबतीही पडले. त्याच्या तोंडीं जी घोषणा होती ती त्याच्या घरच्या भाषेंत, म्हणजे गुजराथींत होती. आम्हीं हा प्रसंग वर्गांत कितीतरी वेळां सांगितला असेल. परंतु घोषणा घरच्या भाषेंत होती ह्या गोष्टीकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें. तें त्या दिवशीं कां गेलें, हें पुढें कळेल.

नंदुरबारहून शहाद्याकडे जाणारी एस. टी.ची मोटार प्रकाशावरून जाते. गर्दी बरीच होती. आमच्या शेजारीं तीस-बत्तीस वर्षांचा एक तरुण, पायांशीं पाट्यांचें व वह्यांचें गाठोडें ठेवून बसला होता. पाट्या पाहिल्या कीं शिक्षकाची जीभ आवरत नाहीं. आम्हीं विचारलें,

“कोणत्या शाळेसाठीं नेतां?”

“जीवनशाळेसाठीं, बाबा. धडगांवच्या पलीकडे, नर्मदेच्या कांठाला.”

आम्हीही शिक्षकच होतों असें सांगतांच ‘बाबा’चे ‘गुरुजी’ झालों, आणि मग वाट कशी सरली तें समजलें नाहीं.

सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील ३३ गांवें येणार होतीं. तीं अक्कलकुवा व अक्राणी ह्या दोन तालुक्यांतलीं, सातपुड्याच्या उत्तर उतरणीवरचीं. धरण व्हावें कीं न व्हावें, हा वाद मोठा आहे व तो येथें मांडण्याचें प्रयोजन नाहीं. ह्या गांवांपैकीं पुष्कळांत कागदोपत्रीं शाळा होती, परंतु शिक्षक क्वचितच तेथवर पोंचत. लढ्यासाठीं लोक एकत्र बसूं लागले, तेव्हां आपल्याला अर्ज वाचतां येत नाहीं, नोटिशींत काय लिहिलें आहे तें कळत नाहीं, हें दुःख प्रत्येक बैठकींत पुढें येई. अखेर १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथें लोकांनीं आपल्याच शाळा उभारल्या. लांकूड, बांबू व गवत जंगलांतलें, श्रम गांवाचे. मुलें शाळेंतच राहात. पुढें आणखी गांवांनीं तसेंच केलें. त्यांना नांव दिलें ‘जीवनशाळा’. धरणाचें पाणी चढत गेलें तसतशा कांहीं शाळांच्या झोंपड्या बुडाल्या. लोकांनीं त्या वरच्या अंगास पुनः बांधल्या. २०१७ सालीं धरणाचे दरवाजे बंद झाले, २०१९ सालीं तें प्रथमच पूर्ण भरलें. तरी शाळा चालूच राहिल्या. आमच्या शेजारचा तरुण अशाच एका शाळेंत शिकला, बाहेर जाऊन पुढचें शिक्षण घेऊन आला, आणि आतां तेथेंच शिकवितो.

“पहिलींत कोणत्या भाषेंत शिकवितां?” आम्हीं विचारलें.

“घरच्या. पावरींत, भिलोरींत, ज्या गांवाची जी असेल तींत. झाडांचीं, औषधांचीं नांवें मुलांना ठाऊक असतात, तेथून सुरुवात करतों. मग हळूहळू मराठी येते. चौथीचा पेपर मराठींतच लिहितात कीं!”

मग त्यानें सहज विचारलें, “गुरुजी, तुमच्या वर्गांत आमच्याकडचीं पोरें होतीं का?”

“होतीं कांहीं.”

“काय बोलायचीं?”

“फारसें कांहीं बोलत नसत.”

“बोलत असतील,” तो हंसून म्हणाला, “तुम्हांला ऐकूं आलें नसेल.”

त्याच्या शब्दांत टोमणा नव्हता. आम्हीं मात्र नजर खालीं वळविली, आणि त्याच्या कापडी पिशवीवर रंगानें लिहिलेलीं अक्षरें दिसलीं: ‘आमु आखा एक छे.’ आपण सारे एक आहों. नर्मदाकांठच्या आदिवासींची ही घोषणा प्रसिद्ध आहे. त्यांतील पहिल्या शब्दावर आमची दृष्टि अडकली ती प्रकाशा येईपर्यंत सुटली नाहीं.

त्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमच्या नोकरीच्या आरंभींच्या वर्षांतली ही गोष्ट. तिला चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. शाळा खानदेशांतलीच. तिचें नांव येथें नको, कारण अपराध शाळेचा नव्हता, आमचा होता. पांचवीच्या वर्गांत सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक मुलगा होता. अंगानें किरकोळ, डोळे फार चपळ. दिवाळीच्या सुटीनंतर आम्हीं वर्गाला विचारलें, ‘सुटींत तुम्हीं काय केलें?’ एकेक मुलगा सांगत गेला. ह्याची पाळी आली तेव्हां तो उत्साहानें उठला आणि ‘आमु’ ह्या शब्दानें त्यानें वाक्य सुरू केलें. वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, आतां तें लपवून काय उपयोग? मग शुद्ध भाषेचा कैवार घेऊन आम्हीं त्याला फळ्याजवळ उभें केलें व ‘आम्ही’ हा शब्द वीस वेळां म्हणावयास लावला. त्यानें तो वीस वेळां म्हटला. सुटींत काय केलें तें सांगावयाचें राहून गेलें. आम्हीं पुनः विचारलें नाहीं. पुढच्या आठवड्यापासून तो येईनासा झाला. कांहीं दिवस हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली, आणि एके दिवशीं ‘नांव कमी केलें’ असा शेरा लिहिला. त्या शेऱ्याचें अक्षर आमचेंच आहे.

आम्ही संस्कृत शिकलेले. ‘अस्मद्’ सर्वनामाचीं रूपें आम्हांला झोंपेंतही म्हणतां येतील. त्याच ‘अस्म’पासून प्राकृतांत ‘अम्हे’ झालें आणि ‘अम्हे’पासून मराठींत ‘आम्ही’ आलें, हें आम्हीं वरच्या वर्गांस वर्षानुवर्षें शिकविलें. त्या मुलाचा ‘आमु’ हा आमच्या ‘आम्ही’चा सख्खा भाऊ, आणि ‘आखा’ व आपला ‘अख्खा’ हेही एकाच घरचे. हें व्याकरण आमच्यापाशीं असतांना आम्हीं तो शब्द अशुद्ध ठरविला. अज्ञानानें केलेली चूक क्षम्य असते. ही चूक ज्ञान असून केलेली होती.

मोटार प्रकाशास थांबली. तरुणानें आमची पिशवी खालीं उतरवून दिली व नमस्कार करून तो पुढें गेला.

प्रकाशा हें तापी व गोमाई ह्यांच्या संगमावर वसलेलें, शहादें तालुक्यांतलें गांव. ‘दक्षिणकाशी’ हें नांव त्यास केव्हां पडलें असेल तें असो. पण वस्ती येथें काशीच्याही कीर्तीपूर्वींची आहे. संगमाजवळच्या पांढरीच्या टेकाडावर १९५५ सालीं पुरातत्त्वखात्याचे बी. के. थापर ह्यांनीं उत्खनन केलें. तेव्हां थरांखालीं थर निघत गेले, आणि सर्वांत तळाशीं ताम्रपाषाणयुगांतील माणसांचीं रंगविलेलीं भांडीं सांपडलीं. म्हणजे साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळ येथें माणूस तापीचें पाणी पीत आला आहे. ती आमच्यापैकीं कोणाची भाषा बोलत होती, तें त्या खापरांवर लिहिलेलें नाहीं.

घाटावर उभें राहिलें कीं समोर तापीचें रुंद पात्र दिसतें. मध्यप्रदेशांत मुलताईजवळ उगम पावलेली ही सूर्यकन्या, महाभारताच्या आदिपर्वांत तपती म्हणून जिचें आख्यान आहे ती, आपल्याकडच्या बहुतेक नद्या पूर्वेकडे धांवत असतां पश्चिमेची वाट धरून सुरतेपाशीं समुद्रास मिळते. उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ असते. केदारेश्वर व संगमेश्वर ह्यांचीं दर्शनें घेऊन आम्ही पुष्पदंतेश्वराच्या देवळांत आलों. पुष्पदंत गंधर्वाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. राजाच्या बागेंतलीं फुलें चोरतांना नकळत शिवाच्या निर्माल्यावर त्याचा पाय पडला, त्याची गुप्त होण्याची शक्ति गेली, आणि मग त्यानें शिवमहिम्नस्तोत्र रचिलें. हें स्तोत्र आम्ही बाळपणापासून म्हणत आलों. त्या दिवशीं तें म्हणतांना आमचा स्वर मध्येंच अडखळला. मंडळींनीं आमच्याकडे पाहिलें, पण त्या कांहीं बोलल्या नाहींत.

मग पूजेस बसलों. पुरोहितांनीं संकल्प सांगण्यास आरंभ केला. संकल्प आम्हांला नवा नाहीं. परंतु नाशकास घरीं बसून करतांना त्यांत गोदावरीचें नांव येतें, येथें तापी आली, आणि त्या एका शब्दानें आम्ही जागे झालों. कर्म लहान असो कीं मोठें, त्यापूर्वीं कर्त्यानें आपण कोणत्या देशांत, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या संवत्सरांत व कोणत्या तिथीस बसलों आहों तें उच्चारावयाचें. मग आपलें गोत्र व नांव सांगावयाचें. आणि मग कर्मास हात घालावयाचा. देशकालाच्या उच्चारावांचून केलेलें कर्म फळत नाहीं, असें आपलें शास्त्र सांगतें. आम्हीं मात्र जन्मभर विद्यादानाचें कर्म ह्या उच्चारावांचून केलें. समोरचा मुलगा कोणत्या नदीच्या कांठचा, कोणत्या भाषेचा, त्याचा बाप कोणत्या महिन्यांत ऊंसतोडीसाठीं गुजराथेंत जातो, हें न विचारतां आम्ही पहिला धडा उघडीत असूं. नर्मदेकांठच्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या लोकांनीं झोंपडींत शाळा घातली ती संकल्प करून घातली. त्यांनीं प्रथम नदी, गांव, भाषा सांगितली. मग पाटी हातीं दिली. आम्हांला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच.

रात्रीं धर्मशाळेंत मुक्काम केला. ओट्यावर गांवचे दोन-तीन वृद्ध शेतकरी येऊन बसले. त्यांच्या बोलण्यावरून ह्या तालुक्याचा इतिहास नव्यानें उजळला. ज्या गोष्टी आम्ही वर्तमानपत्रांत वाचून विसरलों होतों, त्या येथें घरच्या गोष्टींसारख्या निघाल्या.

शेजारच्या तळोदें तालुक्यांत मोरवड येथें १९३० नंतरच्या दशकांत गुलाम महाराज म्हणून एक भिल्ल साधुपुरुष होऊन गेले. १९३८ सालीं ते वारले. दारू सोडा, स्नान करा, स्वच्छ राहा, हा त्यांचा उपदेश. परंतु सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, त्यांनीं आपल्या लोकांस एकमेकांना ‘आप’ म्हणावयास शिकविलें. ज्यांना सारें जग ‘अरे-तुरे’ करी, त्यांनीं आधीं आपल्यांतच मानाचा शब्द वापरण्यास सुरुवात केली. पुढें शहादें तालुक्यांतल्याच अंबरसिंग सुरतवंती ह्यांनीं भजनीमंडळांच्या द्वारें भिल्लांस एकत्र आणलें. गहाण पडून गेलेल्या जमिनी व सालदारांची मजुरी हे त्यांचे प्रश्न. १९७२ सालीं शहाद्यास भूमुक्तिमेळावा भरला व श्रमिक संघटना स्थापन झाली. त्याच सुमारास भिल्ल स्त्रिया गांवोगांव फिरून दारूचीं मडकीं फोडूं लागल्या. त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें. नवऱ्याच्या मजुरींतून घरीं काय येतें व गुत्त्यांत काय जातें, हा हिशेब त्यांच्याइतका कोणास ठाऊक असणार? अंबरसिंग १९७४ सालीं अकालीं गेले. जमीनदार घराण्यांतल्या एका वृद्धानें ही हकीकत सांगतांना अखेरीस म्हटलें, “तेव्हां आम्हांला त्यांचा राग आला होता, गुरुजी. आतां वाटतें, ते हिशेबच मागत होते.”

लोकांनीं हातीं घेतलें म्हणजे तें सिद्धीस जातेंच, असें मात्र कोणी समजूं नये. प्रकाशा येथें व वर सारंगखेडें येथें तापीवर बॅरेज झालें आहे. पाणी दाराशीं तुंबलें आहे. परंतु तें शेतांत चढविण्यासाठीं शेतकऱ्यांनीं सहकारानें काढलेल्या उपसा योजना कित्येक वर्षें बंद पडून राहिल्या. पंप गंजले, नळ फुटले, कर्जें व विजेचीं बिलें तुंबलीं. सभासद म्हणून सह्या पुष्कळांच्या होत्या, पण योजना आपली आहे असें वाटून रोज तिकडे फेरी घालणारे थोडे होते, असें ते शेतकरीच म्हणाले.

ह्याच्या उलट शेजारच्या धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांतील बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा. १९९० नंतर तेथील लोकांनीं चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकारानें उजाड झालेलें रान राखण्यास आरंभ केला. नियम त्यांनींच केले, पहारा त्यांनींच ठेवला, दंडही स्वतःवरच बसविला. आज चारशें हेक्टरांहून अधिक जंगल तेथें राखलें गेलें आहे, आणि रानाबरोबर विहिरींचें पाणीही परत आलें. चैत्राम पवार ह्यांना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. तेथें दरवर्षीं रानभाज्यांची स्पर्धा भरते व स्त्रिया आपापल्या ओळखीच्या भाज्या रांधून आणतात. ही एक परीक्षाच होय. मात्र तींत आज्या बसतात, आणि शहरांतून आलेले पदवीधर बाजूस उभे राहून टिपणें घेतात. आमच्या साऱ्या नोकरींत अशी परीक्षा आम्हीं एकदांही घेतली नाहीं.

नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें त्यांतील शेंकडा ६९ लोक आदिवासी. साक्षरता शेंकडा ६४, महाराष्ट्राची शेंकडा ८२. मधल्या अठरांत आमच्या हातानें कमी केलेलें एक नांव कोठें तरी असेल, हा विचार त्या रात्रीं फार वेळ मनांतून गेला नाहीं. तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ असावयाचा. त्याचा शोध लागेल असें वाटत नाहीं. लागला तरी आम्ही काय बोलणार?

सकाळीं निघतांना आमच्या मंडळी रिकामा गडू पिशवींत ठेवीत म्हणाल्या, “काशीचें पाणी देवाला पोंचलें. तुमची उत्तरपूजा मात्र राहिली आहे.” आदल्या दिवशीं मोटारींत त्या मागच्या बांकावर होत्या, सर्व संभाषण त्यांनीं ऐकलें होतें.

नाशकास चिरंजीवांच्या घरासमोर एका इमारतीचें काम चाललें आहे. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांचीं सात-आठ मुलें तेथें दिवसभर वाळूंत खेळत असतात. त्यांची बोली पावरी नव्हे, कोकणा लोकांची आहे. गेल्या कांहीं रविवारांपासून तीं आमच्या ओसरीवर येतात. आमची नात वही घेऊन बसते. पहिल्या दिवशीं आम्हीं पुस्तक काढलेंच नाहीं. तुमची नदी कोणती, तुमच्याकडे ह्या झाडाला काय म्हणतात, एवढेंच विचारलें. एक शब्द आम्हांला कांहीं केल्या नीट म्हणतां येईना. मुलें पोट धरून हंसलीं, आणि त्यांतल्या मोठ्या मुलीनें आम्हांला तो तीन वेळां म्हणावयास लावला. तीन वेळांनंतर तिचें समाधान झालें व ती म्हणाली, “आतां पुढचें विचारा.”

आमच्या वाचकांच्या घरीं, अंगणांत, शेतावर किंवा बिऱ्हाडाशेजारीं अशीं मुलें असतील. त्यांना फळा-खडू देण्यापूर्वीं एवढें विचारावें, आणि त्यांचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. असो. लेख लांबला.